सरावातली मजा कुठून येते?

आठवडाभर खेळाडूंकडून घाम गाळून घ्यायचा आणि शनिवारी शेवटची दहा मिनिटं ‘चला, आता खेळा’ म्हणून मोकळं सोडायचं, अशी अनेक प्रशिक्षकांची पद्धत असते. हेतू चांगलाच, पण मजा त्या दहा मिनिटांपुरती उरते. ती मुख्य सरावातच मुरवायला हवी.

क्रीडा मानसशास्त्राच्या अभ्यासक अमांडा व्हिसेक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणारी मुलं, पालक आणि प्रशिक्षक यांच्याकडून मजेची ८१ कारणं गोळा केली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जीव ओतून खेळणं, खिलाडूवृत्ती आणि प्रशिक्षकाचं चांगलं वागणं वर होतं. जिंकणं बरंच खाली.

मेंदूचंही गणित याला धरूनच आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत, बक्षीस अनपेक्षित असलं की मेंदूतल्या डोपामिन पेशी (बक्षिसाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या) जोरात चेतायच्या. ठरलेलं बक्षीस मिळालं तर फारशा नाही. हमखास जमणाऱ्या पासची शंभरावी आवृत्ती कंटाळवाणी का वाटते, याचा धागा इथे सापडतो.

म्हणून अवघडपणा सतत हलता ठेवावा. उदाहरणार्थ, ३० बाय २० मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध चार फुटबॉल: तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या. नियम एकच, चेंडूला जास्तीत जास्त दोन स्पर्श. दहापैकी नऊ पास जमू लागले की चौकोन लहान करा. तीन-चारच जमत असतील तर मोठा. एकच संघ जिंकत राहिला, तर फक्त त्याला एका स्पर्शाचं बंधन घाला. एका वेळी तीन नियम बदलू नका, नाहीतर मुलं खेळण्याऐवजी नियमच आठवत बसतात.

बाद होण्याचे खेळ टाळलेलेच बरे: ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच आधी बाहेर बसतो. हरलेल्यांना मैदानाला राउंड मारायला लावणं तर त्याहून वाईट. धावणं म्हणजे शिक्षा, हे डोक्यात पक्कं बसतं.

आणखी एक चूक जाणकारांकडूनही होते. हसतखेळत झालेला सराव हलका समजून लगेच दुसरं जोरदार सत्र लावलं जातं. छोट्या मैदानावर हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत सहज जातात. सत्रानंतर प्रत्येकाला ‘एक ते दहामध्ये किती दमलास?’ असं विचारा आणि तो आकडा मिनिटांनी गुणा. ३५ मिनिटं आणि सात म्हणजे २४५. हा झाला सत्राचा भार. तो वहीत मांडूनच उद्याचं सत्र ठरवा.

एकट्याने खेळायच्या खेळांतही हे जमतं. पोहणाऱ्याने ५० मीटरला लागणारी वेळ आधी सांगायची, घड्याळ न बघता पोहायचं. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, तो जिंकला. वेगाची जाण पक्की होते, आणि गटातला सर्वांत हळू पोहणाराही पहिला येऊ शकतो.