मोकळीक म्हणजे पुरोगामीपणा नव्हे

‘आपण मुंबईकर पुढारलेले, कर्मठ ते यूपी-बिहारवाले’ हे वाक्य लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना इतक्यांदा कानावर पडतं की आता गप्प बसवत नाही.

मोकळीक कशाला म्हणतात ते मुंबईकराला सांगायला नको. रात्री साडेअकराला कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात एकटी पोरगी मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत बसते, कुणी वळूनही बघत नाही. उत्तरेतल्या कित्येक गावांत हे होणार नाही, तेवढं खरं. कपडे आणि खाणंपिणं यांवर मी शब्द खर्च करत नाही. त्यांवरून माणसं जोखणं मला पटतच नाही.

गोंधळ होतो तो पुढे. बाईला बाहेर फिरू देणं वेगळं आणि घरातले निर्णय बदलणं वेगळं. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली किती होत्या? बिहारमध्ये ९३५, उत्तर प्रदेशात ९०२ आणि आपल्या महाराष्ट्रात ८९४. बीडमध्ये तर ८०७! कुटुंब लहान हवं हे आपल्याला पटलं, हाती पैसा आला, सोनोग्राफी तालुक्यापर्यंत पोचली. ‘मुलगा हवाच’ हे मात्र सुटलं नाही. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये केला, केंद्राच्या सहा वर्षं आधी. त्यामागच्या मुंबईतल्या कार्यकर्त्यांचा मला अभिमान आहे. पण तो करावा लागला, हेही विसरू नका.

‘दक्षिण सुधारलेली’ हेही तसंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने काही कारणांसाठी बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या बायका तेलंगणात ८४ टक्के निघाल्या, हिमाचलात १५ टक्क्यांच्या आत.

माझ्या चुलतबहिणीचा विवाहमंडळाचा फॉर्म मीच भरला. ठाण्याहून शेवटच्या लोकलने घरी येणारी मुलगी, पगार काकांपेक्षा जास्त. ‘अपेक्षा’च्या रकान्यात काकांनी सांगितलं, ‘स्वजातीय लिही. पोटजात कोणतीही चालेल.’ एवढीच सूट. ती शेजारीच बसली होती. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही.