काढला तरी परत येतो, तो कसा?

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या मानेवाड्यात काकांच्या घरी कूलर घरघरतोय आणि काका वैतागलेत. "काऊन रे, काल तं व्हायरस काढला होता ना तू? आज पुन्हा कसा आला मग?"

चूक माझीच. आदल्या दिवशी टास्क मॅनेजरमधली, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या यादीतली, संशयास्पद प्रोसेस बंद केली, तिची फाइल उडवली आणि चहा पिऊन निघालो. आज ‘एंड टास्क’ दाबल्यावर मात्र बघत बसलो. यादीतून नाव गेलं आणि दोन सेकंदांत हजर! असे प्रोग्राम बरेचदा जोडीनं चालतात. एक बंद पडला की दुसरा त्याला उठवतो. दोघांनाही एकदम बंद केलं, तर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीत, नोंद निघाली: लॉग-इन होताच अमुक फाइल चालवा. विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात त्या रजिस्ट्रीतल्या ‘रन’ यादीत, म्हणजे लॉग-इनला आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीत, आणखी एक. "हरळीच म्हण ना," काका म्हणाले. त्यांचं अर्धं आयुष्य शेतात गेलंय.

पण या नोंदी निदान दिसतात तरी. खरी पंचाईत रूटकिटची, म्हणजे स्वतःला लपवणाऱ्या घुसखोर प्रोग्रामची. डिस्कवर कोणत्या फाइल्स आहेत, हे अँटीव्हायरस साधारणपणे विंडोजलाच विचारतो. रूटकिट मधेच बसून त्या उत्तरातून स्वतःचं नाव गाळतं. 2005 साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या गाण्यांच्या सीडींमध्ये नक्कल रोखण्यासाठी असंच सॉफ्टवेअर घातलेलं निघालं. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल ते लपवायचं, त्यामुळे इतर व्हायरसांनाही आयता आडोसा मिळाला. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी ते उघडकीला आणलं.

म्हणून चिवट दुखण्याला उपाय एकच: विंडोज झोपलेलं असताना तपासणी. विंडोज 10 आणि 11 मध्ये ती सोय आहे. आधी अँटीव्हायरस अपडेट करायचा, उघडी कामं सेव्ह करायची, मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅनच्या पर्यायांमधून डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन निवडायचं. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू न करताच डिस्क तपासतो. पाव तास लागतो. एवढ्यानंही शंका उरली, तर फोटो-कागदपत्रं बाजूला काढून दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाकावं. प्रोग्राम टाकायच्या जुन्या सेटअप फाइल्स मात्र सोबत न्यायच्या नाहीत.

काकांचं स्कॅननं भागलं. तरी ब्राउझर उघडला की तेच भिकार संकेतस्थळ! डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. ‘टार्गेट’च्या रकान्यात ब्राउझरच्या फाइलच्या नावापुढे त्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला होता. तेवढा पुसला. ब्राउझरला जोडलेलं एक अनोळखी एक्स्टेन्शनही काढलं, नाहीतर खात्यातल्या सिंकमधून तेही परतायचं.

शेवटी काकूंच्या मोबाइलवरून बँकेचा पासवर्ड बदलला. काका जुन्याच पासवर्डला मागे 1 जोडत होते. मी काही तो ठेवू दिला नाही.