भिंतीमागचं पाणी

२९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची कुंपणभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसं गेली. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता. अशी बातमी आली की मला आधी आठवतात ती भिंतीच्या पायथ्याची भोकं, जी आपण कधी वाकून पाहत नाही.

जिथे भिंतीच्या एका बाजूला जमीन उंच असते, तिथे ती भिंत नुसतं कुंपण नसते, मातीही अडवून धरते. त्या मातीत पाणी मुरून अडकलं की गणित बदलतं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. मागे १ मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण अर्ध्या टनाचा रेटा येतो. पाणी २ मीटर झालं की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे जवळजवळ २ टन! शिवाय मातीचा रेटा वेगळाच. नऊ इंची विटांच्या भिंतीला हे पेलणं अवघड.

म्हणून अशा भिंतीत पायथ्याशी पाणी निघायला पाइपचे तुकडे बसवतात आणि त्यांच्यामागे खडी भरतात. गाळ, मुळं, कधी रंगकाम करणाऱ्याचं सिमेंट यांनी ते बुजतात. मे महिन्यात सळई घालून ते मोकळे करा. भर पावसात त्यातून पाणी येत नसेल, तर ते मागे साचत असण्याची शंका घ्या.

मग भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. भिंत वरून किती बाहेर कलली आहे ते मोजा, तारीख घालून लिहून ठेवा. दरवर्षी आकडा वाढत असेल तर ती हलते आहे. सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग बहुधा पाया खचल्याची खूण असते. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा. ती तडकली तर भेग अजून वाढतेय.

भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप वरून कापून काही होत नाही, ते मुळातून पुन्हा फुटतं. लहान असतानाच मुळासकट काढा.

कोकणातल्या जुन्या, चुन्यात बांधलेल्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, कडक सिमेंटने भरू नयेत असं मला कळकळीने वाटतं. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं, मग ओल चिऱ्यातून वाट काढते आणि चिराच झिजतो.

भिंतीला पोट आलेलं दिसलं तर मात्र डागडुजीत वेळ घालवू नका. खालची जागा मोकळी करा, मुलांना तिथे खेळू देऊ नका, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच आठवड्यात बोलवा.