काटकसरी की चिक्कू?

लांबून पाहिलं तर दोघं सारखेच. फाटलेलं शिवतात, जुनी वस्तू चालतेय तोवर चालवतात, खरेदीच्या वेळी हात आखडता घेतात. म्हणून काटकसरी माणसाला लोक बिनदिक्कत चिक्कू म्हणतात, आणि त्याला ते लागतं.

फरक कळतो तो पैसे मोजताना. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी 2008 मध्ये याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. 13 हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवर तो आधारलेला होता. त्यांचं म्हणणं असं, की चिक्कू माणसाला पैसे देणं दुखतं, तर काटकसरी माणसाला वाचवण्यात मजा येते. चिक्कूची पंचाईत अशी की वस्तू त्याला हवी असते, परवडत असते, घ्यावी असंही वाटत असतं, तरी हात खिशात जात नाही. एका प्रयोगात त्यांनी जादा शुल्काची रक्कम तीच ठेवून आधी फक्त 'किरकोळ' हा शब्द जोडला, तर चिक्कू मंडळी ते भरायला जास्त राजी झाली. म्हणजे अडलं होतं ते हिशेबापाशी नव्हे. 'कवडीचुंबक' हा आपला शब्द मला म्हणूनच आवडतो: कवडी माणसाला चिकटली आहे की माणूस कवडीला, कळत नाही.

छंदात तर हे लपतच नाही. जलरंगांचं घ्या. काटकसरी माणूस तीन मूळ रंग घेतो, एक बरासा गोल कुंचला घेतो, पण कागद 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा, जाड घेतो. पातळ कागद ओला झाला की फुगतो, त्यावर लाटा उठतात, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याच हातात कला नाही. हिरवा, जांभळा, करडा तो मिसळून करतो. पहिले काही आठवडे नुसता चिखल होतो; पण कुठल्या निळ्यात कुठला पिवळा घातला की हिरवा मळतो, हे त्या चिखलातूनच कळतं. चोवीस रंगांची पेटी हे इतक्या लवकर शिकवत नाही. चिक्कू सगळ्यात स्वस्त कुंचला उचलतो, त्याचे केस चित्रात गळतात, मग दुसरा घेतो, तोही स्वस्तच.

काटकसरी माणूस अगदी निर्दोष असतो असंही नाही. वाचवण्याची मजा त्यालाही फसवते. सवलत दिसली म्हणून नको ते घेतलेलं माझ्याही कपाटात आहे.

आणि चिक्कूला कुणी चांगला कागद भेट दिला तर? तो जपून ठेवतो, हात बसला की वापरू म्हणून. साध्या कागदावर हात काही बसत नाही. इकडे वर्षानुवर्षांच्या दमटपणाने जपलेल्या कागदाची खळ, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून त्याला दिलेला लेप, खराब होते. शेवटी कधीतरी तो बाहेर काढून रंग लावावा, तर टिपकागदासारखा सगळा रंग पिऊन टाकतो.