तिकिटावर आपोआप पडणारी कॉमेंट: मागची गोष्ट

सीप्झ असो, पवई असो, रिलीजच्या दिवशी टेस्टरचा प्रश्न ठरलेला: "अरे, तो फिक्स कुठल्या बिल्डमध्ये आलाय?" हल्ली याचं उत्तर बिल्ड टूलच, म्हणजे कोडपासून चालणारी आवृत्ती (बिल्ड) बनवणारं साधन, तिकिटावर, म्हणजे बगच्या नोंदीवर, कॉमेंट टाकून देतं. पण बिल्ड आणि तिकीट या दोघांची ओळख बरीच उशिरा झाली.

बिल्डची बाजू जुनी. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिलं. कुठली फाइल बदलली आणि त्यामुळे काय काय पुन्हा कंपाइल करायचं, एवढंच ते बघायचं. बगशी त्याला देणंघेणं नव्हतं. तिकिटं सांभाळणारी टूल नंतरची: बगझिला १९९८ चं, जिरा २००२ चं. तरी दोन्हींमधला दुवा माणूसच. बिल्ड करणारा मेल टाकायचा, टेस्ट लीड एक्सेल भरत बसायचा. रात्री एकच बिल्ड होत असे तोवर हे निभावलं.

मग आपोआप बिल्ड करणारी टूल आली: क्रूझकंट्रोल २००१ मध्ये, २००५ मध्ये हडसन. हडसन ज्यांच्या ताब्यात गेलं त्या ओरॅकल कंपनीशी बिनसल्यावर २०११ मध्ये त्याचंच जेन्किन्स झालं. आता प्रत्येक कमिटला, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला की लगेच, बिल्ड. एवढ्या नोंदी हाताने कोण ठेवणार?

युक्ती साधी निघाली. कमिट मेसेजमध्ये तिकिटाचा नंबर लिहायचा: प्रोजेक्टची कॅपिटल अक्षरं, मधे आडवी रेघ, पुढे आकडा. मागच्या बिल्डपासूनचे कमिट चाळून प्लगिन (बिल्ड टूलला जोडलेलं छोटं पूरक) हा साचा शोधतं आणि सापडलेल्या प्रत्येक तिकिटावर बिल्ड नंबर, लिंक डकवतं. जिराशी दुसऱ्या टूलने बोलायला आधी 'सोप' ही पद्धत होती, मग 'रेस्ट' आली. २०१५ च्या जिरा ७ मध्ये सोप काढूनच टाकलं, तेव्हा त्याच्या भरवशावरच्या 'अँट' या बिल्ड टूलच्या जुन्या स्क्रिप्ट पुन्हा लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

खरी गोम मात्र नंबरातच. घाईत 'मायनर फिक्स' एवढंच लिहून कमिट केलं की टूल बिचारं काय करणार? म्हणून नंबर नसेल तर पुशच (कोड सर्व्हरवर पाठवणं) अडवणारं हुक, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, आलं. त्यावर पठ्ठे कुठल्यातरी जुन्याच तिकिटाचा नंबर ठोकून मोकळे होतात, ते वेगळं.

दुसरी कटकट मेलची. प्रत्येक कॉमेंटमागे वॉचरना (तिकिटावर नजर ठेवणाऱ्यांना) मेल जातो. आठवड्याभरात सगळे फिल्टर लावून बसतात. त्यामुळे बीकेसीतल्या बँकेच्या यूएटीवर (ग्राहकाच्या चाचणीच्या सर्व्हरवर) बिल्ड चढली की एक कॉमेंट, एवढंच ठेवावं. फेल झालेली बिल्ड तिकिटावर कशाला? ती कमिट करणाऱ्याला कळली की पुरे.