विमानातल्या सीटची रुंदी कोण ठरवतं?

बोइंग ७३७ च्या केबिनची आतली रुंदी साधारण १३९ इंच. एका रांगेत सहा सीट, प्रत्येकी १७ इंच, म्हणजे १०२. दोन-दोन इंचांचे आठ आर्मरेस्ट, म्हणजे आणखी १६. मधली वाट २० इंच. बेरीज १३८ झाली आणि विमानातली जागा संपली.

या विमानाच्या धडाची रुंदी १९५७ साली पहिल्यांदा उडालेल्या बोइंग ७०७ कडून आली आहे. आजच्या ७३७ मॅक्समध्येही तीच आहे. एअरबस ए३२० ची केबिन सुमारे सात इंच जास्त रुंद आहे, म्हणून तिथे प्रत्येक सीटला इंचभर जास्त देता येतं. आपल्याकडे इंडिगोकडे बहुतेक ए३२० घराण्यातली विमानं आहेत, आकासाकडे ७३७. दोन्हींमध्ये रांगेत माणसं मात्र सहाच.

आता या १७ इंचांत बसणारं शरीर पाहू. सीटचा विचार करताना डोळ्यांसमोर कंबर येते, पण बसलेल्या पुरुषाचा सर्वांत रुंद भाग म्हणजे खांदे आणि कोपरं. धिप्पाड माणसाचे खांदे, पोट अजिबात नसलं तरी, २० इंचांच्या पुढे जातात. बायकांची बसल्यावरची नितंबांची रुंदी सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते. म्हणजे ही सीट पुष्कळ निरोगी लोकांनाही अपुरी पडते. जाड माणसाला ती सर्वांत जास्त अपुरी पडते आणि दोष त्याच्या एकट्याच्या माथी येतो. हात छातीशी आवळून तो तासन्‌तास बसतो, ते मला अन्यायाचं वाटतं.

कायदा काय म्हणतो? अमेरिकी नियमांनुसार वीस किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात मधली वाट जमिनीपासून २५ इंचांच्या वर किमान २० इंच रुंद हवी. सीटच्या रुंदीला असा किमान आकडाच नाही! २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) तिथल्या विमान प्रशासनाला सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं. प्रशासनाने ओक्लाहोमा सिटीत ७२० स्वयंसेवकांना घेऊन विमान रिकामं करण्याच्या चाचण्या केल्या, कारण निम्मी दारं बंद असताना ९० सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत हा जुना दंडक आहे. सीटच्या मापामुळे बाहेर पडायला उशीर होत नाही, असा निष्कर्ष निघाला. पण स्वयंसेवक सगळे साठीच्या आतले आणि धडधाकट होते. ज्यांना उठायलाच वेळ लागतो त्यांच्याविषयी अशा चाचणीतून काय कळणार?

‘मग वजनावर तिकीट लावा’ असंही म्हटलं जातं. सामोआ एअर या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये ते करूनही पाहिलं. मोजक्या प्रवाशांच्या विमानात प्रत्येक किलो खरंच मोलाचा असतो. मोठ्या जेटचं गणित वेगळं आहे. उड्डाणावेळी ७३७-८०० या प्रकाराचं वजन ७९ टनांपर्यंत असतं. त्यात एखादा प्रवासी ३० किलोंनी जड असला तर फरक हजारात अर्ध्या भागाहूनही कमी. तिथे टंचाई किलोंची नसून इंचांची आहे, आणि इंच किती वाटायचे हे कंपनी ठरवते.

कॅनडाने हा प्रश्न मला पटेल अशा रीतीने सोडवला. १० जानेवारी २००८ रोजी तिथल्या परिवहन प्राधिकरणाने ‘एक माणूस, एक भाडं’ असा निकाल दिला: लठ्ठपणामुळे ज्यांना अपंगत्व आलं आहे आणि एका सीटवर बसणं शक्य नाही, त्यांच्याकडून दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. कंपन्या वरच्या कोर्टात गेल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील ऐकायला घेतलं नाही. खर्च किती? प्राधिकरणाच्या अंदाजानुसार एअर कॅनडाच्या तिकिटामागे ७७ सेंट आणि वेस्टजेटच्या तिकिटामागे ४४ सेंट.

हा निकाल देशांतर्गत उड्डाणांपुरताच होता. टोरोंटोहून व्हँकुव्हरला जाणाऱ्याला त्याने दुसरी सीट मिळवून दिली, टोरोंटोहून मुंबईला येणाऱ्याला नाही.