चहाने झोप उडते, थकवा नाही

नाशिकच्या अंबड-सातपूरला कारखान्यांत थर्ड शिफ्ट करणाऱ्यांना पहाटे तीन-साडेतीनची वेळ समजावून सांगावी लागत नाही. शरीराचं तापमान तेव्हा दिवसातल्या नीचांकाकडे उतरत असतं. हात मशीनवर चालू असतात आणि लक्ष मात्र मधूनमधून निसटतं. मग चहा येतो, अर्ध्या-पाऊण तासात माणूस ताळ्यावर येतो. ही तरतरी मुख्यतः कॅफीनची. पण कॅफीन मेंदूला ताकद देत नाही, ते थकव्याची खबर अडवून धरतं. हा फरक रात्रपाळीवाल्यांनी तरी नक्की समजून घ्यावा.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे ते बसलं की पेशींचं काम मंदावतं, डोळ्यांवर झापड येते. कॅफीनच्या रेणूची ठेवण ॲडिनोसिनशी मिळतीजुळती असल्याने ते त्याच जागा पटकावतं, पण मंदावण्याचा निरोप काही देत नाही. ठक्कर बाजार स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसाच हा प्रकार. ॲडिनोसिन गाडीत उभंच असतं आणि त्याची गर्दी वाढत राहते. कॅफीन उतरलं, जागा मोकळ्या झाल्या, की दबलेली झोप अंगावर येते.

मनःस्थिती सुधारते तीही याच वाटेने. मेंदूच्या ज्या भागात उत्साह आणि काम करण्याची इच्छा घडते, तिथे ॲडिनोसिन हुरूप आणणाऱ्या डोपामिन या द्रव्याच्या कामाला लगाम घालतं. कॅफीनमुळे तो लगाम सैल होतो. प्रमाण वाढलं की मात्र छातीत धडधड, हातांना कंप, उगाचच धास्ती. काहींना हे एका कपातही होतं. त्यात जनुकांचा वाटा असतो, त्यामुळे अशा माणसाला चहाचा आग्रह करू नये.

विचारशक्तीचं काय? सावधपणा आणि चटकन प्रतिसाद देणं यात कॅफीनचा फायदा स्पष्ट दिसतो, दमलेल्या माणसात तर अधिकच. पण रात्रभर जागलेल्याला अनेक टप्प्यांचं काम क्रम न चुकवता करायला दिलं, तर बहुतेकांना कॅफीनची फारशी मदत होत नाही. डोळे उघडे राहतात, चुका व्हायच्या त्या होतातच. कसारा घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला चहापेक्षा गाडी बाजूला लावून काढलेली झोप का हवी, ते यावरून कळावं.

रोज चहा घेणाऱ्यांची आणखी एक गोष्ट आहे. मेंदू कॅफीनला सरावतो. सकाळच्या पहिल्या कपाने जे ‘बरं’ वाटतं, त्यातला बराचसा भाग रात्रभर चहा न मिळाल्याने आलेली मरगळ जाण्याचा असतो. चहा तुटला की १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, कशात मन लागत नाही. पहिले दोन दिवस सर्वांत जड जातात. हरतालिकेचा निर्जळी उपवास असो की मालेगावात रमजानचे पहिले रोजे, डोकं ठणकण्यामागे भूक-तहान असते तशी चहाची तलफही असते. आधीच्या आठवड्यात कप हळूहळू कमी केले, तर हा त्रास बराच टळतो.

उतरायला कॅफीन वेळ घेतं. निरोगी प्रौढाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण ५ तास लागतात. साडेतीनला घेतलेल्या चहातलं निम्मं साडेआठलाही अंगात असतं, म्हणजे शिफ्ट सुटून पडदे ओढून आडवं व्हायच्या वेळी. एका कप चहात ते ३० ते ५० मिलिग्रॅमच असतं, पण कटिंगवर कटिंग होतातच ना. ४०० मिलिग्रॅम कॅफीन झोपेच्या ६ तास आधी घेतलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटल्याचं २०१३च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामुळे रात्रपाळीतला चहा पहिल्या अर्ध्यातच उरकावा.

५ तासांचा हिशेब सर्वांना लागू नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तोच काळ १५ तासांपर्यंत लांबतो. गरोदर स्त्रियांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्था सांगते. सिगरेट ओढणाऱ्यांचं यकृत याउलट कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने निपटतं. त्यामुळे टपरीवरची सिगरेट सोडली आणि चहा मात्र तेवढाच ठेवला, की थोड्याच दिवसांत रक्तातलं कॅफीन वाढतं. मग झोप लागेना, जीव घाबरा झाला, की सगळा दोष सिगरेट सुटल्याला दिला जातो. सिगरेट सोडणाऱ्याने त्याच आठवड्यात चहाही निम्म्यावर आणावा.